‘माझा चेहरा नको, वही काढा’: पाणथळ राखणाऱ्यांची व्यक्तिचित्रं करताना अडले आहे

ओलीमाती (प्रश्न)

नमस्कार. गेले चौदा महिने मी एक पाणथळ राखणाऱ्या माणसांची तैलचित्रं करतेय. नऊ ठरवली होती, सहा झाली. राडारोडा आणि मातीचा भराव टाकून ही जागा कडेकडेने बुजवत आणली आहे. ज्यांनी ती आजवर टिकवली ते सगळे साठीच्या आसपासचे. त्यांच्याकडे कुणी निवांत बसून पाहिलेलंच नाही, म्हणून हे काम हाती घेतलं. २ फेब्रुवारीला, म्हणजे १९७१ साली इराणमधल्या रामसर इथे पाणथळींचा करार झाला त्या तारखेला, चित्रं मांडायची आहेत.

अडलंय सातव्या चित्रापाशी. या ताई एकोणीस वर्षं दर रविवारी पहाटे पाणपक्षी मोजतात. माझ्यासमोर दोनदा बसल्या. कपाळावर टोपीच्या खाली एक सरळ रेघ आहे: वरची कातडी फिकी, खालची रापलेली. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या उन्हात सतत बारीक डोळे करून पडलेल्या, आणि सुरकुतीच्या आतपर्यंत ऊन पोचलं नाही म्हणून तिथे बारीक पांढुरक्या रेषा. हे सगळं कोळशाने उतरवून झालं होतं. तिसऱ्या वेळी आल्या आणि म्हणाल्या, “माझा चेहरा नको. वही काढा.”

कारण विचारलं. एका सुनावणीत त्यांनी जबाब दिला होता. त्यानंतर दोन अनोळखी माणसं रात्री घरी येऊन त्यांचं नाव घेऊन चौकशी करून गेली. “मला ओळखणारे आधीच जास्त झालेत,” एवढंच म्हणाल्या.

मोजणीची ती वही मी पाहिली आहे. कडक पुठ्ठ्याची, ओलाव्याने फुगलेली, त्यामुळे मिटली तरी नीट मिटत नाही. शाई पसरते म्हणून सगळं पेन्सिलीने लिहिलेलं, आणि पेन्सिल दोऱ्याने वहीलाच बांधलेली. शेकाट्या या लांब पायांच्या पाणपक्ष्याच्या रकान्यात चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक तिरकी, असे पाचापाचांचे गठ्ठे पानभर आहेत. बऱ्याच वर्षांनंतरचं त्याच आठवड्याचं पान काढलं तर तो रकाना जवळपास कोरा. ते पान बघून माझ्या पोटात कालवलं.

चेहरा नसलेलं चित्र बाकीच्या आठांशेजारी टांगलं तर ताईंचा मान कमी होईल का? त्याला व्यक्तिचित्र म्हणता येईल का? दुसरी अडचण रंगांची. वही धरलेले हात मी पाण्याकाठी बसवून काढतेय, आणि ते हिरवट, निर्जीव दिसतात. तीनदा खरवडून झाले.

जवसतेल

आधी हातांचं बोलतो, ते मला कळतं. हिरव्याला घाबरू नका. जुन्या इटालियन टेम्परा (अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांच्या) चित्रांत कातडीच्या खाली हिरव्या मातीचा थर देत आणि त्यावर गुलाबी चढवत. ज्या चित्रांवरचा गुलाबी झिजला, तिथले चेहरे आज हिरवे दिसतात. तुमचे हात निर्जीव दिसत असतील तर हिरवा सगळीकडे सारखा लागलाय म्हणून. पाण्यावरून उसळलेला उजेड फक्त खाली वळलेल्या भागावर पडतो: बोटांची खालची बाजू, मनगटाचा आतला उतार. हाताची पाठ आभाळाकडे असते, तिथे थंड निळसर हवा. आणि सांध्यांवर, नखांच्या मुळाशी रक्त दिसलंच पाहिजे. तिथे तांबडा लावा, पण अलिझरीन क्रिमझन नको, उजेडात तो उडतो. त्याऐवजी क्विनाक्रिडोन वापरा, तो उजेडात टिकणारा तांबडा आहे.

मोबाइलच्या फोटोवरून काढत असाल तर थांबा. जवळून घेतलेल्या फोटोत पुढे आलेला हात फुगतो आणि मनगट बारीक होतं. प्रत्यक्ष बसवा, नाहीतर दोन-तीन मीटर मागे जाऊन झूम करून फोटो घ्या.

मानाचं म्हणाल तर कॅनव्हास बाकीच्यांएवढाच घ्या आणि त्याच उंचीवर टांगा. बघणाऱ्याला आधी ते कळतं.

दलदलकर

मी एका पाणथळीवर बारा वर्षं काम करतोय, म्हणून थोडं काळजीने लिहितो. तुम्ही चेहरा काढला नाहीत तरी ताई ओळखू येऊ शकतात. हस्ताक्षर जसंच्या तसं उतरवलंत तर जबाबावरच्या सहीशी ते कुणीही ताडून बघेल. हातावरचा व्रण, अंगठी, घड्याळ, सगळ्याचा विचार करा. एकोणीस वर्षं, दर रविवार, ही माहितीही चित्राखालच्या पट्टीवर नको. (इथे लिहिलीत, त्यांना विचारून लिहिली असेल अशी आशा आहे. नसेल तर बदलून घ्या.)

दुसरं पार्श्वभूमीचं. शेकाट्या जमिनीवरच, पाण्याच्या अगदी कडेला अंडी घालतो. ओळखू येईल असा बांध किंवा झाड आणि शेजारी घरटं, असं चित्र म्हणजे जागेचा पत्ताच. लव्हाळा काढा, पाणी काढा, पण खुणेचं झाड गाळा.

आणि परवानगी एकदा घेऊन भागत नाही. चित्र पूर्ण झाल्यावर विचारा, टांगण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारा. बाकी आठ जणांनाही. त्यांनी हो म्हटलं तेव्हा ताईंच्या घरी कुणी आलेलं नव्हतं.

काठावरची

मला मुळातच एक खटकतं, राग मानू नका. नऊ चित्रं लागली की पाणथळ नऊ जणांनी राखली असं होतं. ज्यांना वगळलं त्यांच्या मनात ते राहतं, मी हे गावच्या एका सत्कारात पाहिलंय.

पूर्व कोलकात्याच्या पाणथळींचं उदाहरण घ्या. शहराचं सांडपाणी तिथल्या तळ्यांत येतं, ऊन, शैवाल आणि जिवाणू ते साफ करतात आणि त्यावर मासे वाढतात. हे जगापुढे मांडलं पर्यावरण अभ्यासक ध्रुबज्योती घोष यांनी, २००२ साली ती जागा रामसर कराराच्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीतही गेली. पण हे ज्ञान तिथल्या मच्छीमारांचं आणि शेतकऱ्यांचं आहे, हे ते स्वतः सांगत. आसाममध्ये पक्षी वाचवण्याचं काम करणाऱ्या पूर्णिमादेवी बर्मन यांच्यासोबतच्या बायका हरगिल्ला हा मोठा करकोचा स्वतः विणलेल्या कापडावर काढतात. तिथे सगळ्यांच्या अंगावर एकच पक्षी, मोठं-लहान कुणी नाही.

म्हणून तुमच्या ताईंचं मला पटलं. वही काढा म्हणणारी बाई स्वतःला बाजूला करून काम पुढे ठेवतेय. त्यांचे शब्द चित्रातच घालता आले तर बघा. रॉबर्ट शेटर्ली हा अमेरिकन चित्रकार २००२ पासून व्यक्तिचित्रं करतो आणि त्या माणसाचं वाक्य रंगात ओरखडून लिहितो. ताईंचं ‘वही काढा’ तसं लिहिता येईल.

ओलीमाती

तिघांचेही मनापासून आभार. दलदलकर, आधी तुमचं: इथे लिहिण्याआधी ताईंना विचारलं होतं, आणि वर्षांचा आकडा व वार त्यांच्याच सांगण्यावरून बदलून लिहिलेत. पण हस्ताक्षराचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते वाचून रात्रभर झोप लागली नाही.

काल भेटून आले. वही मांडीवर घेऊन त्यांनी स्वतः पान निवडलं. मला वाटलं होतं भरलेलं निवडतील, त्यांनी जवळपास कोरं निवडलं. “हे दिसलं पाहिजे,” म्हणाल्या. अक्षरं पुसट करायची, रेघा मात्र जशा आहेत तशा. रेघांना हस्ताक्षर नसतं, हे त्यांचंच वाक्य. अंगठी काढून ठेवणार आहेत.

काठावरची, राग कशाला? तुमचं म्हणणं बाकीच्या आठांना वाचून दाखवलं. रात्री भरावाच्या गाड्यांवर नजर ठेवणारे काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी त्यांच्यासोबत जागणाऱ्या पाच जणांची नावं सांगितली आणि ती कॅनव्हासच्या मागे लिहून ठेवायला लावली. समोर नकोत, मागेच, आणि पेन्सिलीनेच. लिहिली.

जवसतेल, तुम्ही सांगितलं तसं क्विनाक्रिडोन सांध्यांवर लावून पाहिलं, करंगळी जिवंत झाली. बाकीचा हात आता प्रत्यक्ष बघूनच करणार. ताईंनी पुढच्या मोजणीला पहाटे साडेपाचला बोलावलंय. मोजून होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही आणि कॅनव्हास आणायचा नाही, अशी अट आहे. नुसती स्केचबुक नेतेय, आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल.