उपवासकाळ आणि हॉस्टेलची मेस

शुक्रवारी मेसमध्ये चिकन असतं, मग उपवासकाळ (लेंट, म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती लोक ईस्टरआधी पाळतात तो चाळीस दिवसांचा काळ) पाळायचा कसा, असं एकाने विचारलंय. त्यावर कुणीतरी 'चॉकलेट सोडलं की झालं' असं लिहिलंय, ते मला पटत नाही.

आधी नियम. पूर्ण उपवास फक्त राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस, तेव्हा कपाळाला राख लावतात) आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी, तोही १८ ते ५९ वयोगटासाठी: एक वेळ पोटभर, दोन वेळा थोडंसं. आजारी माणसाला सूट असते. शुक्रवारी मांस वर्ज्य, पण अंडी आणि मासे चालतात. मेसमध्ये व्हेज ताट मिळतंच, त्यामुळे जेवणाचा प्रश्न खरं तर तिथेच सुटतो.

खरा कस लागतो तो प्रार्थना आणि दानधर्मात. हे दोन्ही उपवासाइतकेच महत्त्वाचे आहेत, आणि परीक्षा तोंडावर आल्या की तेच आधी सुटतात. मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसवर असाल तर अवर लेडी ऑफ इजिप्त चर्च जवळच आहे. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला (येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची टप्प्याटप्प्याने केलेली प्रार्थना) जा. वाचलेले कँटीनचे पैसे वेगळे ठेवा आणि ते खरंच कुणाला तरी द्या. नाहीतर ते नुसतं डाएट होतं.

आणि एकटं पाळू नका. २०२५ मध्ये राखेचा बुधवार ५ मार्चला होता, रमजानही त्याच आठवड्यात सुरू झाला होता. रोजे ठेवणाऱ्या रूममेटइतकं हे दुसरं कोण समजून घेणार? कपाळावरची राख बघून कुणी विचारलं तर पुसू नका, सरळ सांगा.