जुन्या वस्तीतला नूतनीकरण केलेला फ्लॅट भाड्याने घेताना नेमकं काय तपासावं?

उंबरठा:
शंभरेक वर्षं जुनी इमारत, पहिला मजला. विटांच्या जाड भिंती, खाली-वर लाकडी तुळया. आत मात्र सगळं नवं: रंग, टाइल्स, फॉल्स सीलिंग, ओटा, बाथरूम. पुढच्या भेटीत तासभर मिळेल. भिंत फोडता येणार नाही, हे धरून सांगा.

तुळईवाला:
नवं काम जुन्याला जिथे भेटतं तिथे बघा: खिडकीच्या चौकटी, छताचे कोपरे, बाथरूमच्या भिंतीची मागची बाजू. अशा भिंती बहुधा चुन्यात बांधलेल्या असतात. चुन्याचा गिलावा ओल हळूहळू बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते; मग फुगे, पोपडे, पांढरा खार. भिंत बोटांनी ठोकत चला. आवाज पोकळ आला तर गिलावा सुटलाय. एखाद्याच भिंतीला कमरेपर्यंत पॅनेल किंवा ताजा रंग असेल तर कारण विचारा. बाहेरच्या बाजूने पावसाचा पन्हळ कुठून उतरतो तेही बघा, बऱ्याचदा ओल तिथूनच येते.

लाकडी तुळयांवर टाइल्स लावल्या असतील तर जरा जपून. टाइलखालचा ५० मिमी जाडीचा कोबा (सिमेंटचा थर) चौरस मीटरला साधारण १०० किलो भरतो, टाइलचं वजन वेगळं. तुळई लवते, टाइल लवत नाही, म्हणून सांधे उलतात. खोलीच्या मधोमध टाचा उचलून धपकन टेका. कपाटाची दारं थरथरली, किंवा टाइल्समधून एकाच रेषेत भेग गेलेली दिसली, तर जमीन हलतेय असं समजा.

हॉल आणि स्वयंपाकघर एक केलंय का? मग काढलेली भिंत भार घेणारी होती का, आणि तिच्या जागी काय घातलं, याचा इंजिनिअरचा कागद मागा. दारांच्या कोपऱ्यांतून तिरक्या निघालेल्या भेगा आणि चौकटीत अडकणारी दारं ही आधार नीट न दिल्याची लक्षणं.

फेजन्यूट्रल:
वायरिंगबद्दल: नवे स्विच म्हणजे नवी वायर नव्हे. मेन बोर्ड उघडून दाखवायला सांगा, स्वतः हात घालू नका. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवी. तिचं टेस्ट बटण दाबल्यावर ती लगेच पडली पाहिजे. गिझर आणि एसीला स्वतंत्र सर्किट आहे का बघा. १.५ चौरस मिमीच्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की सर्किट तोडणारा स्विच) दिसला तर तिथेच थांबा: वायर तापेल, पण एमसीबी पडणार नाही.

उंबरठा:
तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर नेला तर अर्थिंग कळेल ना?

फेजन्यूट्रल:
अर्धवट. अर्थ तुटलेली असेल तर कळेल. पण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवले असतील तर टेस्टर सगळं ठीक दाखवतो, आणि धोका उलट वाढतो. खात्री हवी तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थ मोजून घ्या.

नळदुरुस्ती:
१० लिटरची बादली न्या. किचनचा नळ आणि शॉवर दोन्ही चालू ठेवून नळाखाली बादली भरा. दीड मिनिटाच्या फार पुढे गेलं तर एकतर दाबच कमी, नाहीतर आत जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप गंजून अरुंद झालेला. सकाळी पहिलं पाणी तांबूस येतं का, हेही विचारा.

मग फ्लश करा आणि बाथरूमच्या ट्रॅपकडे (जमिनीतल्या जाळीखाली पाणी साचून वास अडवणारा भाग) कान द्या. गुडगुड आवाज आला तर हवेची नळी नीट नाही. ट्रॅपमधलं पाणी खेचलं जाऊन घरात वास येतो. नूतनीकरणात संडास मूळ उभ्या पाइपापासून लांब नेला असेल तर ही भानगड हमखास. १०० मिमीच्या आडव्या पाइपाला ४० मिमीला १ मिमी उतार लागतो, आणि तो मिळवायला कुठेतरी जमीन उचलावी लागते. बाथरूमला पायरी दिसली तर ती त्याचसाठी. लांब नेलाय आणि पायरीही नाही, तर उतार कसा दिला ते विचारा.

करारनामा:
कागदावर तीन गोष्टी घ्या. भिंतीतल्या नळाची, वायरची आणि ओलीची दुरुस्ती मालकाकडे, ठराविक दिवसांत. दर्शनी भागाचं काम निघून परांची लागली तर भाड्यात किती सूट. आणि एसीचं बाहेरचं युनिट लावायला परवानगी आहे का. वारसा यादीतल्या इमारतीत दर्शनी बाजूला ते सहसा लावू देत नाहीत. ताबा घेताना मीटरच्या आकड्यांसह प्रत्येक खोलीचे तारखेचे फोटो दोघांनी एकमेकांना पाठवा. सिंकखालचा आणि फॉल्स सीलिंगच्या झडपेतला फोटो लोक विसरतात.