एडीएचडी आहे म्हणून किती सांभाळून घ्यायचं?

प्रश्न: नवऱ्याला गेल्या वर्षी एडीएचडीचं (लक्ष टिकवणं, गोष्टी लक्षात ठेवणं अवघड जातं अशी मेंदूची स्थिती) निदान झालं. लाईट बिल, मुलीची फी, गॅसचा नंबर सगळं मीच लक्षात ठेवते आणि काही बोललं की म्हणतो माझा मेंदूच तसा आहे. खोटं नाही बोलत तो, कळतं मला, पण थकलेय हो. काय मागणं रास्त आहे?

उत्तर १: मला स्वतःला आहे. विसरणं माझ्या हातात नाही, पण अलार्म लावणं, बिल ऑटो-पेवर टाकणं, गोळी वेळेवर घेणं आणि चुकलं की सॉरी म्हणून स्वतः निस्तरणं हे माझंच काम. बायकोकडून एकच मागितलंय, तोंडी न सांगता व्हॉट्सॲपवर लिही, तोंडी सांगितलेलं खरंच टिकत नाही डोक्यात.

उत्तर २: ऑफिसात त्रास होतो का त्यांना? २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एडीएचडी नाही, म्हणून साहेबांशी नीट बोलूनच मार्ग काढावा लागतो. हे चुकीचंच आहे.

प्रश्नकर्ती: बोललो रात्री. लाईट बिल आता पूर्ण त्याच्याकडे, मी आठवण नाही करणार. मलाच जड जाईल ते.