मदत हवी आहे: पत्र्याच्या खुराड्यात पाणी मारूनही कोंबड्या उन्हाने दगावत आहेत (अथणी तालुका)

नमस्कार. आमचे गाव अथणी तालुक्यात, कृष्णाकाठापासून बरेच आत, कोरडवाहू पट्ट्यात आहे. घरामागच्या परड्यात आम्ही चार वर्षांपासून कोंबड्या पाळतो. या उन्हाळ्याच्या सुरुवातीला नऊ जवारी (गावठी) कोंबड्या, एक कोंबडा आणि पाच गिरिराज कोंबड्या होत्या. गेल्या आठवड्यात दोन दिवसांच्या अंतराने दोन गिरिराज कोंबड्या दगावल्या, आणि दोन्ही वेळा दुपारी तीन ते चारच्या दरम्यान.

दुसरी कोंबडी माझ्या डोळ्यांदेखत गेली. ती भिंतीला टेकून, पंख अंगापासून दूर धरून उभी होती. चोच उघडी होती आणि गळ्याखालची कातडी भात्यासारखी भराभर हलत होती. तुरा काळपट निळा पडला होता. मी पाण्याचे भांडे घेऊन येईपर्यंत ती कुशीवर कोसळली होती. तिच्या अंगाला हात लावला तेव्हा पिसांच्या आत चटका बसावा इतकी ऊब होती.

खुराडे आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद आहे. तीन फुटांपर्यंत विटांचे बांधकाम, त्यावर जाळी आणि वर पत्रा आहे. दार पश्चिमेला आहे. मागील वर्षी मुंगसाने जाळी उचकटून एक तलंग नेली, म्हणून यंदा मी जाळीवर चारही बाजूंनी किलतानाची पोती बांधली आणि दुपारी बारापासून दर तासाला ती पोती भिजवून आत जमिनीवरही पाणी शिंपडत आलो. पाणी प्लास्टिकच्या पाटीत ठेवतो. सकाळी कोंबड्या परड्यात फिरतात. दुपारी बाराला त्यांना मक्याचा भरडा आणि घरातील उरलेली भाकरी घालून आत कोंडतो. पंखा लावून पाहिला, परंतु ऐन दुपारीच वीज जाते. खुराड्यात टांगलेल्या तापमापकावर परवा तीन वाजता ४३ अंश होते, तर बाहेर कडुलिंबाच्या सावलीत ३९.

पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी पाहून हिरवी हगवण नाही, मान वाकडी होत नाही, तेव्हा ही मानमोडी (राणीखेत रोग) नव्हे, उष्णतेचाच परिणाम आहे, असे सांगितले. दोन आठवड्यांपासून अंडीही पातळ कवचाची येत आहेत. परवाचे एक अंडे तर हातात घेताच दबले. सगळे सांगतात तसे पाणी मारूनही कोंबड्या का गेल्या, हे मला कळलेले नाही. उरलेल्या तेरा कोंबड्यांसाठी पत्रा काढून छप्पर घालावे का, की आहे त्यातच काही बदल करता येईल, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (चिकोडी तालुक्यातून)

दादा, आपले वाचून वाईट वाटले. आमच्याकडेही तीन वर्षांपूर्वी असेच झाले होते. माझ्या मते पाणी मारण्यात चूक नाही, चारही बाजू बंद करून पाणी मारण्यात चूक आहे.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असते आणि एरवी ती तुरा, गलोल (चोचीखाली लोंबणारी लाल कातडी) व पाय यांतून उष्णता बाहेर टाकते. पण भोवतालची हवाच ४३ अंशांवर गेली की हा मार्ग बंद होतो आणि धापा टाकून घशातील ओलावा उडवणे एवढाच उपाय तिच्या हाती उरतो. कोंडलेल्या खुराड्यात आपण जितके पाणी शिंपडता तितकी आतली हवा दमट होते, आणि दमट हवेत तो ओलावा उडत नाही. म्हणून उत्तर आणि दक्षिण या बाजूंची पोती आजच सोडावीत. ओले पोते फक्त वारा येतो त्या एका बाजूला ठेवावे आणि जमीन कोरडी राहू द्यावी. वळीव पडून गेल्यावर हवा दमट असते तेव्हा तर पोतेही भिजवू नये. मुंगसाची भीती खरी आहे, परंतु त्यासाठी बारीक छिद्रांची मजबूत जाळी बाहेरून दुहेरी ठोकावी आणि तिची खालची कडा वीतभर जमिनीत पुरावी.

दुसरे कारण बाराचा मका आहे, असे मला वाटते. खाल्लेले पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती पुढचे काही तास वाढत राहते, म्हणजे बाराचे खाणे नेमके तीनच्या उन्हाला भिडते. पहाटे उजाडताच पोटभर घालावे, दहानंतर काही घालू नये आणि ऊन कलल्यावर पाचला पुन्हा द्यावे. गिरिराज मूळची बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली अंगाने जड जात आहे. आपल्या जवारी कोंबड्या हलक्या आणि चपळ असतात, त्यामुळे आधी गिरिराजच गेल्या, हे मला स्वाभाविक वाटते. त्या तिघींना तरी दुपारी खुराड्यात न कोंडता कडुलिंबाखाली जाळीच्या आडोशाला ठेवावे. तिथली माती थोडी उकरून ओलसर केली की त्या स्वतःच तिच्यात पोट टेकून बसतात.

पत्रा काढण्याची गरज नाही. त्यावर चुन्याचे दोन हात द्यावेत आणि वर उसाच्या पाचटाचा अर्धा फूट जाड थर पसरून सुंभाने आवळून बांधावा, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात तो उडून जातो. पाणी प्लास्टिकऐवजी मातीच्या परळात, सावलीत, दोन-तीन ठिकाणी ठेवावे आणि दुपारी दोनदा बदलावे. कोमट झालेले पाणी कोंबडी तोंड लावून सोडून देते. कवच पातळ होते तेही धापांमुळेच: श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त निघून जातो आणि कवचासाठी लागणारा कार्बोनेट रक्तात कमी पडतो. संध्याकाळच्या खाण्यात शिंपल्यांचा भुगा द्यावा.

कोंबडी कोसळू लागली तर तिला सावलीत नेऊन पाय गार पाण्यात बुडवावेत, तुरा आणि पंखांखालचा भाग ओला करावा. बर्फाच्या पाण्यात पूर्ण बुडवू नये आणि चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

धागाकर्ता

ताई, मनःपूर्वक आभार. उत्तर-दक्षिणेची पोती काल सोडली, दुपारचा मका बंद केला आणि आज सकाळी पाचटही चढवले. आज तीनला आत ३८ अंश होते आणि धापा टाकणाऱ्या दोनच कोंबड्या दिसल्या. एक अडचण राहिली आहे: एक जवारी कोंबडी खुडूक होऊन खुराड्याच्या पश्चिमेकडील कोपऱ्यात अकरा अंड्यांवर बसली आहे, आणि दुपारी ती उठतच नाही.

प्रतिसाद (चिकोडी तालुक्यातून)

तिला आज रात्री अंधारात, अंड्यांसह डालग्यात घालून घरातील सोप्याच्या गार कोपऱ्यात हलवा. दिवसा हलवली तर ती अंडी सोडण्याची शक्यता असते. तिचे पाणी डालग्याला लागूनच ठेवा आणि ती दिवसातून एकदा उठते ती वेळ सकाळचीच राहील, असे पाहा; उठली नाही तर सहा वाजता हाताने उचलून परड्यात सोडा, पंधरा-वीस मिनिटांत ती आपसूक परत येऊन बसेल.