मदत हवी आहे : गव्हाची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला घेऊन जपान, खाण्याची सोय कशी करावी?

पाऊलवाट
नमस्कार. एप्रिलमध्ये तोक्यो आणि क्योतोला जायचं ठरतंय. मुलगा ९ वर्षांचा, वजन २७ किलो. त्याला गव्हाची अ‍ॅलर्जी आहे, आयजीई (लगेच उसळणाऱ्या) प्रकारची. सीलिअ‍ॅक (ग्लूटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याला होणारा विकार) नव्हे. कणीक, मैदा, रवा पूर्ण बंद, अ‍ॅनाफिलॅक्सिसचा (जिवावर बेतणाऱ्या झटक्याचा) धोका डॉक्टरांनी लेखी दिलेला आहे. तो अंडी-मासे खातो, आम्ही दोघं शाकाहारी.
भात खाणारा देश म्हणून जपान निवडला, पण आता वाचतेय तर सोया सॉसमध्येही गहू असतो म्हणे. मग तिथे नक्की काय खाता येईल? पाकिटं कशी वाचायची? इंजेक्शन नेता येतं का? घरून काय न्यावं? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

सप्तपर्णी
पाऊलवाट ताई, तिकिटं काढण्याआधी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडून तीन प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या. सोया सॉस चालेल का? बार्ली (जव) चालेल का? गव्हासोबत एकाच तेलात किंवा तव्यावर केलेलं चालेल का? जपानमधलं तुमचं सगळं खाणं या तीन उत्तरांवर ठरणार आहे.

सोया सॉसचं कारण नीट समजून घ्या. नेहमीचा गडद सॉस, कोईकुची, साधारण निम्मे सोयाबीन आणि निम्मा गहू आंबवून करतात. आंबवताना गव्हाची प्रथिनं बरीचशी तुटतात, म्हणून गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी सोया सॉस सहसा वर्ज्य करण्याची गरज नाही, असं जपानी डॉक्टरांची मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. घोटाळा इथेच होतो. तुम्ही ‘गहू नको’ म्हणालात की स्वयंपाकी पीठ टाळेल, सॉस मात्र निःशंकपणे घालेल, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. मुलाला सॉस चालत नसेल तर ते वेगळ्या वाक्यात सांगावं लागतं.

आता पाकिटं. जपानमध्ये ठरावीक गोष्टींची नोंद कायद्याने सक्तीची आहे, त्यांत या येतात : गहू, सोबा म्हणजे बकव्हीट (कुट्टू), अंडं, दूध, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा, आणि २०२३ मध्ये जोडलेला अक्रोड. घटकांच्या यादीत किंवा यादीच्या शेवटी कंसात ‘इचिबु नि कोमुगी... ओ फुकुमु’ असं छापलेलं असतं, म्हणजे ‘यात काही प्रमाणात गहू आहे’. कोमुगी म्हणजे गहू. चित्रलिपीत ही दोन अक्षरं. पहिल्याचा अर्थ ‘लहान’ : मधे उभा दांडा, दोन्ही बाजूंना एकेक फटकारा. दुसरं अक्षर ‘मुगी’, आणि तेच बार्ली, राय आणि माल्टच्या नावातही येतं. मुलाला हे दुसरं अक्षर ओळखायला शिकवा. ते दिसलं की पाकीट परत फळीवर. कोमुगी हाच शब्द हिरागाना आणि काताकाना लिपीतही छापलेला असू शकतो, म्हणून तिन्ही रूपांचा एकेक फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कॅमेऱ्याने केलेल्या भाषांतरावर एकट्यावर विसंबू नका, बारीक छपाईत ते ओळीच गाळतं.

आणखी तीन फटी आहेत. बार्ली या सक्तीच्या यादीत नाही, म्हणून तिची वेगळी ठळक नोंद मिळणार नाही, आणि ‘मुगीचा’ नावाचा भाजलेल्या बार्लीचा थंड चहा तर हॉटेलात पाण्याऐवजी टेबलावर येतो. दुसरं, ‘यात अमुक असू शकेल’ असं मोघम लिहायला जपानमध्ये मनाई आहे. त्याच कारखान्यात गहू हाताळला जातो अशी माहिती कंपनी स्वेच्छेने देते किंवा देत नाही, त्यामुळे सूचना नाही म्हणजे गव्हाचा अंश नाही असा अर्थ काढू नका. तिसरं, ही सक्ती पाकीटबंद मालाला आहे. हॉटेलातल्या ताटाला आणि काउंटरवरून सुटं मोजून दिलेल्या पदार्थांना नाही.

कुरडूची भाजी
वरचं सगळं बरोबर. मी खाण्याकडे वळते.

चालण्याची शक्यता असलेलं : साधा पांढरा भात, मिठावर भाजलेला मासा (शिओयाकी), उकडलेलं अंडं, साधा तोफू, एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा), भाजलेलं रताळं, फळं. किराणा दुकानात शिजवलेल्या भाताची २०० ग्रॅमची पाकिटं मिळतात, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत होतात. नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) घेतलात तर सोबतची सॉसची पुडी बाजूला काढा. बाटलीबंद तामारी या सोया सॉसच्या प्रकारात गहू नसतो किंवा थोडा असतो, दोन्ही प्रकार विकले जातात. गहू नसलेली बाटली पहिल्याच दिवशी घ्या आणि जेवायला जाताना पिशवीत ठेवा.

दिसायला निरुपद्रवी पण घातक :
सोबा नूडल्स. नाव बकव्हीटचं, पण नेहमीच्या निहाची प्रकारात दोन दशांश गहूच असतो. शंभर टक्के बकव्हीटचा जुवारी मागितला तरी तो बहुधा उदोनच्याच (गव्हाच्या जाड नूडल्सच्या) पाण्यात उकळतात, आणि सोबतच्या रशात सोया सॉस असतो.
तांदळाच्या पिठाचा पाव, कोमेको पान. फुगावा म्हणून त्यात अनेकदा गव्हाचं ग्लूटेन वेगळं घालतात! नाव वाचून घेऊ नका, यादी वाचा.
सुशी. भातातल्या व्हिनेगरवर लक्ष ठेवा : धान्याच्या व्हिनेगरमध्ये, कोकुमोत्सु-सूमध्ये, गहू असू शकतो. इकुरा (सामन माशाची अंडी) सोया सॉसमध्ये मुरवलेला असतो, खेकड्याच्या नावाने मिळणाऱ्या कांड्यांत गव्हाचा स्टार्च असू शकतो.
जपानी करी. दाटपणा मैद्याचा.
याकितोरी (काडीला लावून भाजलेलं चिकन). ‘शिओ’ म्हणजे नुसतं मीठ असं सांगितलंत तरी जाळी तीच, आधीच्या सॉसने माखलेली.

आणि तुम्ही दोघं शाकाहारी म्हणून एक खास धोका. क्योतोतल्या मठांच्या शाकाहारी जेवणात, शोजिन र्‍योरीत, ‘फु’ असतो. तो म्हणजे चक्क गव्हाचं ग्लूटेन. ताजा नामाफु तर क्योतोची खासियत आहे, रंगीत फुलापानांच्या आकारात वाटीत येतो. शाकाहारी ताट तुमच्यासाठी योग्य असलं तरी त्यातला घास मुलाला देऊ नका.

राहायला स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. पारंपरिक र्‍योकानमध्ये राहायचंच असेल तर ‘सुदोमारी’, म्हणजे जेवणाशिवाय फक्त खोली, असं आरक्षण करा. मोठ्या साखळी हॉटेलांचे अ‍ॅलर्जी तक्ते संकेतस्थळावर असतात. तोक्यो डिस्नेमध्ये कमी अ‍ॅलर्जनचे वेगळे पदार्थ मिळतात, पण तिथलीही स्वयंपाकघरं सामाईक आहेत. एखाद्या ठिकाणी ‘आम्ही देऊ शकत नाही’ म्हणाले तर आग्रह करू नका, वाईटही वाटून घेऊ नका. त्यांनी तुम्हाला खरं सांगितलंय.

पाऊलवाट
दोघींचे खूप आभार. अडलं तर भारतीय हॉटेलात वरणभात मिळेलच, असं नवरा म्हणतोय. ते कितपत सुरक्षित?

घट्टमुट्ट
ताई, वरणात हिंग असतो. बाजारातला बहुतेक हिंग बांधणीचा असतो आणि बांधायला अनेक कंपन्या गव्हाचं पीठ वापरतात. काही तांदळाचं पीठ वापरतात, डबीवर लिहिलेलं असतं. हॉटेलात डबी दाखवा म्हटल्याशिवाय कळणार नाही. शिवाय नानचं पीठ दिवसभर ओट्यावर उडत असतं. फोडणी न घातलेली, नुसती मीठ-हळदीची डाळ आणि भात वेगळ्या पातेल्यातून देत असतील तरच घ्या.

घरून नेण्याबद्दल : नाचणी, ज्वारी किंवा तांदळाचं पीठ गिरणीतून दळून नेऊ नका. आधी गव्हाचं दळण गेलेलं असतं आणि जात्यात राहिलेलं पीठ तुमच्या दळणात उतरतं. घरच्या, फक्त याच कामाच्या मिक्सरवर किंवा घरघंटीवर दळा. भाजणीत गहू असू शकतो, त्यामुळे विकतची चकली, थालीपीठाचं पीठ बाद. पोह्यांचा चिवडा, राजगिरा लाडू, नाचणीसत्त्व चांगलं टिकतं. कच्चं धान्य, ताजी फळं आणि मांसाचा अंश असलेलं काहीही सोबत नको, विमानतळावर अडतं.

विमानात ग्लूटेनमुक्त जेवण आधी नोंदवा, पण ते सीलिअ‍ॅकचा विचार करून केलेलं असतं. मुलाला डब्यातलंच द्या. बसल्यावर ट्रे आणि हातदांडे ओल्या फडक्याने पुसा.

निशिगंध
औषधांचं मी लिहितो.

अ‍ॅड्रेनालिनचे (झटका आवरणाऱ्या इंजेक्शनचे) दोन डोस सोबत हवेत, कारण ५ ते १५ मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा द्यावा लागतो. भारतात ऑटो-इंजेक्टर (ठरलेला डोस आपोआप टोचणारं पेन) सहज मिळत नाही, म्हणून आत्तापासून डॉक्टरांशी बोला. २७ किलो हे वजन नेमकं सीमेवरचं आहे : १५ ते ३० किलोसाठी ०.१५ मिलिग्रॅम असं लेबल सांगतं, पण अनेक तज्ज्ञ २५ किलोपासून ०.३ देतात. निर्णय त्यांचाच हवा. अँप्यूल आणि सिरिंज नेणार असाल तर किती मिलिलिटर भरायचं ते चिठ्ठीवर लिहून घ्या आणि त्यांच्यासमोर भरण्याचा सराव करा. हे सगळं हातातल्या पिशवीत असू द्या, सामानाच्या बॅगेत नको. फ्रीजमध्ये ठेवू नका, उन्हात तर नकोच.

स्वतःच्या वापरापुरती महिन्याभराची औषधं जपानमध्ये नेता येतात. डॉक्टरांचं इंग्रजी पत्र सोबत ठेवा. सर्दीच्या गोळ्या मात्र तपासा : १० टक्क्यांहून जास्त सुडोएफेड्रीन असलेली औषधं तिथे बंद आहेत.

प्रसंग आला तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत इंजेक्शन. आधी सेटिरिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे, गोळी श्वासनलिकेची सूज किंवा घसरलेला रक्तदाब आवरत नाही. मुलाला आडवं करून पाय वर ठेवा. श्वासाला त्रास असेल तर टेकून बसवा. उभं करू नका, चालवू नका. आपले ११२ किंवा १०८ नव्हे, तिथे ११९. फोनवर ‘क्यूक्यू देसु’ म्हणा, म्हणजे आग नसून रुग्णवाहिका हवी हे कळतं. मग पत्ता, आणि ‘आनाफिराकिशी’ हा शब्द. बरं वाटलं तरी रुग्णालयात जा, काही तासांनी लक्षणं परत येऊ शकतात.

पाऊलवाट
कार्ड छापून घेतेय. मजकूर असा ठेवला आहे : ‘माझा मुलगा ग्लूटेनमुक्त आहार घेतो. कृपया सहकार्य करावे.’ ठीक आहे ना?

सप्तपर्णी
नाही ताई, हे बदला. ‘ग्लूटेनमुक्त आहार’ वाचून आवडनिवड वाटते. असं करा : ‘या मुलाला गव्हाची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. थोड्या गव्हानेही जिवाला धोका होऊ शकतो. गव्हाचं पीठ, पावाचा चुरा, फु, उदोन, करीचा मसाला चालत नाही. सोया सॉस चालत नाही / चालतो. बार्ली चालत नाही / चालते. गव्हाचे पदार्थ तळलेलं तेल, उकळलेलं पाणी आणि तीच जाळी वापरू नये. देणं शक्य नसेल तर तसं सांगावं, आम्ही समजून घेऊ.’ दोन पर्यायांतला एक डॉक्टरांच्या उत्तराप्रमाणे ठेवा. भाषांतर जपानी येणाऱ्या माणसाकडून करून घ्या, ठळक छापा, आणि चार-पाच प्रती घ्या, कारण कार्ड स्वयंपाकघरात जातं आणि तिथेच राहतं.