मदत हवी आहे : रातकिड्याच्या चिठ्ठीवर नाव कोणतं लिहू?

नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) समिती यायची आहे, त्यामुळे प्राणिशास्त्र विभागातल्या जुन्या कीटकपेट्या आवरायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. एका पेटीत मोरीजवळ सापडतात तसले रातकिडे आहेत. फिकट पिवळसर तपकिरी, अंगावर काळपट आडवे पट्टे. नराचे पंख जेमतेम निम्म्या पोटापर्यंत. मादीला पंख नावापुरतेच, आणि मागे सुईसारखी अंडनळी. चिठ्ठीवर शाईने लिहिलंय: 'ग्रिलोडिस सप्लिकन्स (वॉकर, 1859)'. नेटवर फोटो ताडून पाहिले तर हा 'ग्रिलोडिस सिजिलॅटस (वॉकर, 1869)' वाटतो.

आता घोळ असा: एका प्राण्याला दोन नावं पडली तर आधीचं टिकतं, असं आपण शिकवतो. मग 1859 चं सोडून 1869 चं कसं काय चालतं? आणि दोन्हीकडे पहिलं वर्णन करणारे वॉकरसाहेब कंसात का? विभागात विचारलं तर 'पुस्तकात तसंच आहे' म्हणतात. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
कंसाचं सोपं आहे. वॉकरने वर्णन केलं तेव्हा ग्रिलोडिस ही प्रजातीच (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) नव्हती, ती कीटकशास्त्रज्ञ सोस्यूरने 1874 मध्ये केली. जाती नंतर तिकडे हलवल्या, म्हणून मूळ लेखक कंसात. तुमच्या चिठ्ठ्यांवरचे कंस पुसू नका, पुष्कळ जण पुसतात!

प्रतिसाद २
अग्रक्रमाचा नियम एकाच जातीच्या दोन नावांना लागतो. इथे जातीच दोन आहेत. सप्लिकन्स ही श्रीलंकेतून वर्णिलेली, वेगळी जात. गंमत म्हणजे 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या प्रयोगशाळांचे शोधनिबंध सिजिलॅटसवरच झाले, पण छापले गेले सप्लिकन्स या नावाने. तुमची चिठ्ठी त्याच प्रथेतली असावी. पण श्रीलंका आपल्याला जवळ, त्यामुळे डोळे मिटून नाव बदलू नका.

धागाकर्ता
मग जुनी चिठ्ठी काढून टाकू का?

प्रतिसाद २
अजिबात नको. ती त्याच टाचणीवर राहू दे, खाली नवी लावा: नाव, ओळख कोणी पटवली आणि साल. खात्री होईपर्यंत नुसतं 'ग्रिलोडिस, जात अनिश्चित' लिहिलं तरी समिती काही म्हणणार नाही. नर-मादीचे फोटो इथे टाका, वरून आणि बाजूने. नराच्या पुढच्या पंखांचा अगदी जवळून.