वॉचमनचं 160 तासांचं ट्रेनिंग कोणी पाहिलंय का?

चौथामजला (धागाकर्ता)
गेल्या महिन्यात आमच्या मीटरच्या खोलीतून धूर यायला लागला. वॉचमनकाका धावत आले, पण हातात पाण्याची बादली! आग विझवायचा सिलिंडर त्यांच्याच खुर्चीमागे भिंतीवर टांगलेला. शेजाऱ्याने वेळेत मेन स्विच पाडला म्हणून निभावलं. काकांवर राग नाही, त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं.

मग कायदा वाचला. 2005 चा केंद्राचा खासगी सुरक्षा एजन्सी कायदा, इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'पसारा' म्हणतात (बारसं करणाऱ्याला मराठी येत असावं). त्याखालच्या नमुना नियमांत नव्या गार्डला 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष, किमान 20 कामाच्या दिवसांत शिकवायचं आहे: आग, प्रथमोपचार, गर्दी, ओळखपत्रं तपासणं, एफआयआर कसा होतो, सगळं. माझं मत सरळ आहे. दाखला नाही तर गेटवर उभं करायचं नाही, आणि दाखला न मागणाऱ्या सोसायटीलाही दंड करा.

खजिनदार_नाइलाजाने
दंड आम्हाला? वा! मेंटेनन्स दोनशेने वाढवला तर सभेत खुर्च्या उचलतात लोक. तीन कोटेशनं येतात, सर्वात कमीचं पास होतं. त्या सभेत तुम्हीही हात वर करता की नाही, खरं सांगा.
आणि त्याच नियमांत गार्डने एक किलोमीटर सहा मिनिटांत धावावं असंही आहे. कायदा वयाच्या 65 पर्यंत काम करू देतो. आमचे काका साठीचे. पळवायचं का त्यांना? पार्सल घेणं, गाड्यांचे नंबर लिहिणं, पाण्याची मोटर चालू-बंद करणं, एवढंच काम आहे. चार दिवसांत येतं.

चौथामजला
मोटर चालू करणं हे गार्डचं काम आहे हे कोणत्या नियमात वाचलंत? :)

निवृत्त_हवालदार
एजन्सी चालवतो, परवाना आहे, म्हणून लिहितो. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना छोटा कोर्स आहे, 40 तास वर्ग आणि 16 तास प्रत्यक्ष, किमान सात दिवस. तो मी करून घेतो. नवीन पोरांचं अवघड. वीस दिवस त्याला जेवू कोण घालणार? ग्राहक म्हणतो, "उद्यापासून माणूस पाठवा." मी पदरचे घालून शिकवला, तर पुढच्या महिन्यात तो पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून शेजारच्या साइटवर. आणि बिनपरवाना धंदा करणारा माझ्यापेक्षा स्वस्त कोटेशन देतो. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा 25 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कलम आहे. 25 हजार म्हणजे दोन गार्डांचं एका महिन्याचं बिलही नाही हो.
धागाकर्त्यांशी तत्त्वतः सहमत, पण आधी बिनपरवानावाल्यांना धरा.

नाईटवाला
नऊ वर्षं नाईट केलीय, आता रिक्षा चालवतो. माझं ट्रेनिंग सांगू? एका खोलीत बसवलं, चार कागदांवर सह्या घेतल्या, युनिफॉर्म दिला. युनिफॉर्मचे पैसे पगारातून कापले. संध्याकाळी पॉइंटवर.
बारा तास ड्युटी. बदलीवाला आला नाही की तेच चोवीस होतात. पहाटे चारला डोळा लागला तर फोटो काढून ग्रुपवर टाकतात. तुम्ही 160 तास म्हणता, मला महिन्याला चार सुट्ट्या द्या म्हणत होतो. सुट्टी मागितली की साइट बदलायचे. शिकवा की, कोण नको म्हणतंय? पण शिकलेला माणूसही चोविसाव्या तासाला बादलीच घेऊन पळेल.

चौथामजला
@नाईटवाला, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तरीही मी म्हणेन, ट्रेनिंग सोडायचं कारण हे नाही.

लेव्हीभरा
सगळे 'पसारा'वरच अडकलेत. महाराष्ट्रात त्याच्या आधीपासून 1981 चा सुरक्षा रक्षक कायदा आहे, माथाडींच्या 1969 च्या कायद्याच्या वळणावरचा. मालकाने पगार आणि वर लेव्ही (पगारावर ठरावीक टक्के जादा रक्कम) सुरक्षा रक्षक मंडळाकडे भरायची, मंडळ रक्षकाला पगार देतं, भविष्य निर्वाह निधी, रजा बघतं. पगार शाबूत असला की माणूस टिकतो, टिकला की शिकवणं परवडतं. नाईटवाला मंडळाचा असता तर रिक्षा घ्यावी लागली नसती.

खजिनदार_नाइलाजाने
आणि लेव्हीचा आकडा ऐकून आमची सभा तिथेच संपली असती. परवडत नाही हो. शिवाय सोसायटीने स्वतःच थेट माणूस ठेवला तर 'पसारा' लागूच नाही, तो एजन्सीचा धंदा करणाऱ्यांसाठी आहे. निम्म्या जुन्या इमारतींत तसेच काका आहेत. त्यांना कोण शिकवणार?

निवृत्त_हवालदार
बरोबर, ती मोठी फट आहे. पण एजन्सी असेल तर एक गोष्ट फुकटात होते. प्रत्येक गार्डला एजन्सीने फोटोचं ओळखपत्र द्यायचंच असतं. आज गेटवर जाऊन बघा.

चौथामजला
बघितलं. कार्ड आहे, फोटो काकांचाच. एजन्सी मात्र आमची नाही, आधीच्या साइटवरची. काका म्हणाले, "नवीन येणार आहे, दिवाळीपासून सांगतायत." रविवारच्या सभेत विषय टाकतोय. खजिनदारसाहेब, तुमच्या सोसायटीतही बघा आणि इथे लिहा.

खजिनदार_नाइलाजाने
बघतो. मोटर बंद करून आले की विचारतो.